शेखनंतर सानप

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपली. नववी ब अर्धी रिकामी. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेत सगळे, आता कारखाना बंद होईपर्यंत येत न्हाईत. माझ्या बाकावर मी एकटाच. बापूच्या बाजूला त्यानं कर्कटकानं कोरलेला बैल तेवढा हाय. तो बैल हाय का कुत्रं, यावरून आमचं भांडण झालतं. ते तसंच राहिलं.

बापू गेला तेव्हा मी बघायला गेलतो. ट्रॉलीत खाली भांडी, वर शेळी, मधी तो. म्हणला, "सर सानप म्हनले की तू हाय म्हन. माजं नाव कटलं न्हाई पायजे. एकदा कटलं की बाप परत शाळेत पाठवायचा न्हाई." मी हो म्हणलो. तेव्हा सोपं वाटलं.

आज हजेरी. "शेख जुबेर." हजर सर. लगेच खाली, "सानप बापू." यादी नाव घातलेल्या क्रमानं हाय, शेखनंतर सानपच येतो, म्हणून तर आम्ही एका बाकावर. तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. काळे सर पुढच्या नावावर गेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

म्हणलो.

बापू हजर सर म्हणतच न्हाई. हाय सर म्हणतो. नाकातून, आत्ता झोपेतून उठवल्यासारखा. काल मामूच्या सोफे शिवायच्या दुकानात, मशीनच्या आवाजात सराव केला. मामू म्हणे, "क्या हाय-हाय लगा रखा है, कौन मर गया?"

वर्गात खाली मान घालून म्हणलो, हाय सर. सर जरा थांबले. वर बघितलं न्हाई. पेन चाललं. आणि कुणी हसलं न्हाई. माझ्या स्वतःच्या नावाला मात्र मागून कुणीतरी हळूच "हाजिर" म्हणतंच. सहावीत नाव घातलं त्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी तोंडातून "हाजिर जनाब" निघून गेलतं. मदरशातली सवय. तेव्हापासून माझं नाव हाजिर. बापू पण हाजिरच म्हणायचा. पण तो म्हणला की ते नाव वाटायचं.

आजपासून वहीत एवढंच लिहीत जायचं. दोन्ही हजर.

९ नोव्हेंबर, रविवार

मामूनं वही उचलली. "क्या लिखता रहता है?" पान उलटं केलं, सुलटं केलं, परत दिली. त्याला उर्दूच वाचता येतं. म्हणून तर मराठीत लिहितो. तिकडं बिहारात, अररियात अम्मीला वाचता येणार न्हाई, इथं केजात मामूला न्हाई. ज्यांना येतं ते कशाला वाचतेत.

मामूचं डोकं आज ठिकाणावर न्हाई. धारूर रोडला एका पुढाऱ्याचा नवीन बंगला हाय, त्याचे सोफे मामूला मिळणार होते. पुढाऱ्याचा माणूस गुरुवारी म्हणला, "परवा या माप घ्यायला." मामू काल शनिवारी टेप, पेन्सिल, मखमलीचे तुकडे, सगळं घेऊन दारात. बंगल्याला कुलूप. फोन केला तर तो माणूस म्हणतो, "अवो परवा म्हनलं म्हनजी परवाच व्हय? या की सवडीनं."

मामू रात्रीपर्यंत तेच बोलत होता. "परसों मतलब परसों होता है. हमारे उधर परसों में आदमी की शादी हो जाती है."

मला हे कधीच कळलंय. इथं परवा म्हणजे मागची दिवाळी पण असते नि पुढची पण. मामूला अजून इथलं कॅलेंडर येत न्हाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन्ही हजर. मधल्या सुट्टीतून मशिदीत जुम्याच्या नमाजाला गेलो. एका चाचांनी विचारलं, कौन गाँव के? सांगितलं. "अच्छा, बिहारी," म्हणले आणि सरकून जागा दिली. चांगलेच होते. पण सरकले.

आमच्या वर्गातला सय्यद समीर पण तिथं. तो इथला, त्याच्या आज्याची कबर पण इथलीच. वर्गात दोन बाक पुढं बसतो. बोलत न्हाई. आज म्हणला, "तुम लोगां का हिंदी अलगच है रे." मी म्हणलो, हौ. तो हसला. बूट घालून थांबेल वाटलं. न्हाई थांबला.

संध्याकाळी अम्मीचा फोन. बोलता बोलता तोंडातून नक्को निघालं. अम्मी म्हणे, ये क्या बोलता है, मराठा हो गया क्या?

शाळेत नाव घातलं तेव्हाचं आठवलं. क्लार्क म्हणले, आडनाव? मी म्हणलो आलम. "ते आडनाव न्हाई बाबा. शेख लिहितो. शेख चालतं सगळीकडं." मी म्हणलो लिहा. म्हणजे शाळेत शेख, मशिदीत बिहारी, अम्मीच्या फोनवर मराठा. बापूच्या आवाजात हाय सर म्हणतो तेवढंच काय ते कुणी तपासत न्हाई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही हजर.

व्याकरण. काळे सरांनी फळ्यावर लिहिलं : परभाषीय शब्द. म्हणले, हे शब्द बाहेरून आले पण आता आपलेच झाले, सांगा एकेक. पोरं सांगायला लागली. टेबल. पेन. बस. सर म्हणले, ते इंग्रजी, अरबी-फारसी सांगा. कुणाला येईना. मग सरांनीच लिहिले. अर्ज. खुर्ची. हुशार. मंजूर. आणि शेवटी, हजर.

मागून एकजण म्हणला, "मंग सर, जुबेर पयल्या दिवशी बरोबरच बोलला व्हता की. हाजिर."

सगळे हसले. सर पण. मी पण हसलो. मला खरंच हसू आलं. पण घरी येताना डोक्यात तेच. किती शे वर्षं झाली असतील त्या शब्दाला येऊन. रोज सकाळी सगळा वर्ग तोच म्हणतो. तरी यादी करायची वेळ आली की त्याला बाहेरच्या रांगेत उभं करतेत.

स्टँडवर एक माणूस भविष्य सांगणारा पोपट घेऊन बसलता. पोपट काही सांगत नव्हता, नुसता पेरू खात होता. लई वेळ बघत बसलो. जेवायचं राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

बापूचा फोन. त्याच्या बापाच्या मोबाईलवरून. मागं ट्रकमधलं गाणं.

"कोन, हाजिर? हाय का माजं नाव?"

"हाय."

"म्हनतो का रोज?"

"रोज."

कर्नाटकात कुठंतरी हाय. गावाचं नाव त्याला पण माहीत न्हाई, पाटी वेगळ्या लिपीत हाय म्हणे. तिथली पोरं काय बोलतेत कळत न्हाई, दुकानदार बोटांनी हिशेब करतो. म्हणला, "तुजं कसं व्हत आसंल ते आता कळतंय बे." मग म्हणला, "वर्गात कुनी इचारतं का मला?"

कुणीच विचारत न्हाई. अर्धे गेलेत, गेलेल्यांचं कोण विचारणार. मी म्हणलो, सगळे विचारतेत. काळे सर पण.

"आन तुज्या मामूचं ते पीठ हाय का आजून?"

सत्तूला, म्हणजे आमच्याकडच्या भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाला, तो नुसतं पीठ म्हणतो. पहिल्यांदा डब्यात बघून म्हणलता, घरी भाकरी थापायला कुणी न्हाई व्हय रे, पीठच आनलंस? मग माझ्यापेक्षा जास्त त्यानंच खाल्लं. फोन कट झाला तेव्हा मी पीठ हाय म्हणत होतो.

२२ डिसेंबर, सोमवार

शाळेलाच निघालतो. दप्तर पण होतं. स्टँडवर जीपवाला धारूर धारूर ओरडत होता, मागं एक जागा रिकामी. बसलो. कावून बसलो ते मला पण सांगता येणार न्हाई. माझे पाय असेच हायेत. एका मदरशातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, तिथून मामूकडं, असाच आलोय मी. म्हणून तर मिशी फुटली तरी नववीत.

किल्ल्यावर कुणी न्हाई. वारा. खाली दरी, पलीकडं डोंगराच्या रांगा, त्यातच कुठंतरी बापूचं गाव. तटावर बसून हाय सर म्हणून बघितलं, मोठ्यानं. बरं वाटलं.

एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. "कुनाचा रं?"

इथं सगळे असंच विचारतेत. नाव न्हाई, गाव न्हाई, कुणाचा. केजचा म्हणलो. "ते झालं. केजात कुनाचा?" मामूचं नाव सांगून त्याला काय कळणार. तोंडातून निघालं, सानपाचा.

म्हातारा खूश. जवळच बसला. फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मला दिली, वर ठेचा. "कोंच्या सानपाचा? खालच्या आळीच्या का वरच्या?" मी वरच्या म्हणलो. "मंग तुजा आजा आन मी एका ट्रकमधी कारखान्यावर जायचो की." गोड होती भाकरी. तो एकेक नाव घेत जवळ जवळ येत चालला, बापाचं नाव, चुलत्याचं नाव, आणि मी उठलो. जीप जाईल म्हणलो. म्हातारा म्हणला, "आज्याला सांग मी इचारलं म्हनून."

येताना सगळी वाट ते डोक्यात. एवढ्या वर्षांत इथं मला कुणी अर्धी भाकरी मोडून दिली ती आजच. आणि ती पण माझी न्हाई.

आज दोन्ही गैरहजर.

२३ डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर सरांनी थांबवलं.

"काल सानप आला नव्हता."

मी दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला.

"तू पण नव्हतास. दोघं एकाच दिवशी आजारी पडता का रे?"

"हो सर."

सर खडूचे हात झटकत राहिले. मग म्हणले, "त्याला सांग, हल्ली तो नाकातून कमी बोलायला लागलाय. पहिल्यासारखं बोल म्हणावं."

मला हसावं का पाया पडावं कळेना. सर म्हणले, "मुख्याध्यापक दोनदा बोलले मला, गेलेल्यांची नावं कमी करा म्हणून. मी म्हणतो, येतेत. एप्रिलात परीक्षेला बसला तर राहील. न बसला तर माझ्या हातात काही न्हाई." जिन्यापर्यंत गेले आणि परत वळले. "आणि तू खाडे करू नको. तुझ्यासाठी हाय म्हणणारं कुणी न्हाई."

बरोबरच बोलले. वाईट म्हणून न्हाई बोलले. पण लिहिताना परत लागलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

दोन्ही हजर. आता सर शेख आणि सानपच्या मधी जरा खाकरतेत. मला आवाज बदलायला वेळ मिळावा म्हणून.

पुढाऱ्याचे सोफे झाले शेवटी. एवढे मोठे सांगितलते की दारातून आत जाईनात. चार माणसं, पुढारी, पुढाऱ्याचा मेहुणा, सगळे दारात. मेहुणा म्हणतो दार पाडा. पुढारी म्हणतो, दारावर कालच तोरण लावलंय. मग मामूनं सोफ्यांचे पाय काढले, आत नेऊन परत बसवले. मी हातोडी धरलती. पुढाऱ्यानं विचारलं, हे पोरगं मराठी बोलतं का? मी समोरच उभा होतो.

घरी येताना मामू म्हणला, ईद के बाद नांदेड. तिकडं ओळखीचा एक हाय, मोठं दुकान, रोज काम. "यहाँ तो सब परसों में ही चलता है." मी म्हणलो, परीक्षा एप्रिलात हाय. "वहाँ भी स्कूल है. नाम लिखवा देंगे."

परत नाव. परत पहिला दिवस. परत कुणीतरी हसणार. आणि इथं शेखनंतर सानप आलं की?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रोजा आणि शाळेत जयंती, दोन्ही आजच. वर्गात उंच मीच, म्हणून मिरवणुकीत झेंड्याची काठी माझ्याकडं. सगळ्या केजातून फिरलो. ऊन. घसा वाळला. पण झेंडा सगळ्यात पुढं असतो आणि त्याच्या मागं सगळा वर्ग, हे पहिल्यांदाच.

शाळेत आल्यावर पेढे. तो मागच्या बाकावरचा, व्याकरणाच्या तासाला हाजिर म्हणलता तो, माझ्यासमोर पेढा धरून. "घे की बे हाजिर." नको म्हणलो. "कावून? आमचं चालत न्हाई व्हय?" चारजण बघायला लागले. म्हणलो, रोजा हाय. त्याला माहीतच नव्हतं आजपासून हाय ते. चेहरा पडला बिचाऱ्याचा. मग म्हणला, "मंग खिशात ठिव. सांच्याला खा."

ठेवला. लिंबाखाली समीर उभा होता. त्यानं स्वतःच्या खिशातून पेढा काढला, नुसता दाखवला, परत ठेवला.

इफ्तारला पेढा काढला तर चपटा झालता, खिशाचे धागे लागलते. अर्धा मामूला. मामू म्हणे, कहाँ का है? शाळेचा म्हणलो.

५ मार्च, गुरुवार

रोजा. ऊन. दोन्ही हजर. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडतेत तेव्हा मी नळाकडं जाऊन येतो, उगाच. आज नळावर समीर पण उगाच आलता. दोघं पाणी न पिता परत आलो.

२१ मार्च, शनिवार

ईद. मामूनं शेवया केल्या, मोठं पातेलं. आम्ही दोघंच. वर्गात कुणालाच या म्हणलो न्हाई. म्हणलं असतं तर मग दिवसभर दाराकडं बघत बसावं लागलं असतं. न म्हणता पण बघितलंच.

दुपारी बापूचा फोन. "ईद मुबारक बे हाजिर." कुणी शिकवलं म्हणलो. टोळीचा ट्रक ड्रायव्हर मुसलमान हाय, त्यानं. म्हणला, "कारखाना बंद झाला. हिशेब झाला की निघतो. परवा येतो."

परवा. मी फोन ठेवून बोटं मोजली आणि मग स्वतःचंच हसू आलं. मामूसारखा झालोय.

मामू म्हणला, सोमवारी नांदेडला चल, दुकान बघून येऊ. पुढच्या रविवारी टेम्पो सांगितलाय. मी म्हणलो शाळा हाय. मामू म्हणला, "जो छोड़नी है उसमें क्या जाना."

२७ मार्च, शुक्रवार

सोमवारी गेलो ते काल रात्री आलो. नांदेड मोठं हाय. दुकान पण. वरच्या मजल्यावर खोली, खिडकीतून दुसऱ्याची भिंत. आठवडाभर दोन्ही गैरहजर. बापू परवा आला असेल, मी नसेन, असं रोज वाटायचं. न्हाई आला. सकाळी त्याच्या गावच्या जीपवाल्याला विचारलं, टोळी अजून तिकडंच.

शाळेत उशीर झाला. पायऱ्या चढतो तर हजेरी चालू. दाराबाहेरच थांबलो. विचार केला, बघू तर माझं नाव आल्यावर किती वेळ शांत राहतंय.

"शेख जुबेर."

"हाजिर जनाब."

आतून आलं. मी न्हाई. मदरशात म्हणतेत तसंच, पण इथल्या आवाजात. कुणी हसलं न्हाई. सरांचं पेन चाललं. मग सर खाकरले, नेहमीसारखे, आवाज बदलायला वेळ देतेत तसे.

"सानप बापू."

शांत. कुणीच न्हाई. सर परत खाकरले.

दाराबाहेरूनच म्हणलो, "हाय सर." नाकातून.

सगळ्या माना दाराकडं. सर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणले, "शेख तर आत हाय. आठवडाभर एक खाडा न्हाई त्याचा. तू कोण?"

मग हसले सगळे. लई हसले. सर म्हणले, "कोण का असेना, आत ये."

बाकावर बसलो. कोण म्हणलं ते कुणी सांगेना. मागच्या बाकावरचा म्हणतो, मी कशाला म्हनू. समीर सगळा तास खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काहीच नव्हतं. चेष्टा होती का काय होतं, मला माहीत न्हाई. एकदा चेष्टा कळते. पण सोमवारपासून रोज कोण करतं चेष्टा.

रविवारचं कुणालाच सांगितलं न्हाई.

२९ मार्च, रविवार

टेम्पो सकाळीच आला. मशीन चढली, फोमच्या गुंडाळ्या चढल्या, पातेलं चढलं. दुकानात आता नुसते भिंतीवरचे खिळे. मी पायरीवर बसून लिहितोय. दप्तर मांडीवर हाय, टेम्पोत टाकलेलं न्हाई.

मघाशी बापूचा फोन. आवाज तुटत होता. "निघालो बे. परवा वर्गात." परीक्षा कधी हाय, बाकावरचा बैल हाय का, असं काहीतरी विचारत होता. मी हाय हाय म्हणत राहिलो. उद्या सोमवार. सकाळी सर नाव घेतील, शेख, मग खाकरतील.

मामूला म्हणलो, परीक्षेपर्यंत राहू दे. मशिदीतल्या चाचांना विचारतो, झोपायला कुठंतरी मिळेल. मामू टेम्पोची दोरी बांधत होता. गाठ मारून झाली. मग म्हणला, "तो नांदेड कब आएगा?"

"परसों."

मामूनं दोरी सोडली आणि माझ्याकडं बघितलं. "कौन सा परसों? हमारा वाला या यहाँ का?"

टेम्पोवाला केजचाच. तो स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. मामू हसला न्हाई. मी म्हणलो, "यहाँ का."

टेम्पो अजून उभाच हाय. मामू गाठ परत सोडून परत बांधतोय.